बातमी कुणाची, भरवसा कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी अलोऱ्याचा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडं जाताना पोफळीच्या अलीकडं आमचं गाव आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, तिथून अलोऱ्याच्या वीजघरातली चाकं फिरवतं आणि पुढं वाशिष्ठीला मिळून चिपळूणकडं जातं. आमच्या वरच्या अंगाला धरण आणि खालच्या अंगाला शहर. त्यामुळं 'धरण' हा शब्द आमच्याकडं कुणी मोठ्यानं उच्चारला, तरी माणसं हातातलं काम थांबवून वळून बघतात.

मी शाळामास्तर होतो. निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी मला मोबाईलवरच्या त्यांच्या गटात घेतलं. २२ जुलै २०२१ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरत होतं. पहाटे माझ्या फोनवर एक निरोप आला, 'कोळकेवाडी फुटलं, सगळ्यांनी उंचावर जा.' खाली नाव नाही, वेळ नाही. मी तो वाचला आणि गटावर पुढं पाठवला. चांगल्या हेतूनं पाठवला, हे वेगळं सांगायला नको.

धरण फुटलं नव्हतं. चिपळूणमधला माझा एक विद्यार्थी घरच्यांसह वरच्या मजल्यावर सुखरूप बसला होता. निरोप वाचून तो आजीला घेऊन खाली कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पाण्याला ओढ होती, आजीचा पाय सुटला. शेजाऱ्यांनी दोर टाकून दोघांना वर घेतलं, म्हणून आज मी हे बोलू शकतो. दरम्यान मला खरं काय ते कळलं होतं, पण तोवर खालचे फोन बंद पडले होते. माझी चूक पोचली होती आणि दुरुस्ती पोचत नव्हती. पंधरा दिवसांनी तो भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, दुसऱ्या कुणाचं असतं तर चौकशी केली असती. तुमचं होतं म्हणून केली नाही."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून जो भरवसा मिळवला, तो मी एका अनोळखी निरोपाला उसना दिला होता.

आता तो निरोप इतक्या लवकर खरा का वाटला, तेही सांगायला हवं. दोनच वर्षांपूर्वी, २ जुलै २०१९ च्या रात्री, आमच्याच तालुक्यातलं तिवरे धरण खरोखर फुटलं होतं. वीसच्या आसपास माणसं गेली. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. पुढं तर एका मंत्र्यांनी धरणफुटीचं खापर खेकड्यांवर फोडलं. जिथं खरी तक्रार ऐकली जात नाही आणि खुलासा असा येतो, तिथं माणूस बिननावाच्या निरोपावर विश्वास ठेवतो, यात नवल ते काय?

तेव्हापासून मला एका प्रश्नानं धरलं. बातमी देणारा वाचकाचा विश्वास मिळवतो तो नेमका कशानं? आज कुणीही चार हजार रुपयांच्या फोनवरून वृत्तसंस्था काढू शकतो. मोठं घराणं नाही, छापखाना नाही, कचेरी नाही. अशा स्वतंत्र माणसावर वाचकानं भरवसा का ठेवावा? मी इतिहासाचा शिक्षक. उत्तर शोधायला मी साहजिकच मागं गेलो.

सगळ्यात आधी आठवली ती माझ्या लहानपणची एक पहाट. ११ डिसेंबर १९६७. मी बारा वर्षांचा, वडील पोफळीच्या वीजघरात पाळीवर. पहाटे साडेचारच्या सुमारास जमीन हलली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. आम्ही सारे अंधारात बाहेर उभे होतो आणि जो तो म्हणत होता, 'धरण फुटलं म्हणे.' म्हणे कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उजाडल्यावर वडील आले. सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. ते म्हणाले, "मी वीजघरात होतो. तिथलं मी पाहिलंय, तेवढं सांगतो. धरण मी पाहिलेलं नाही. वरून कळेल तेव्हा येऊन सांगेन." आणि दुपारी ते खरंच परत सांगायला आले. धरण उभं होतं. त्याला तडे गेले होते, पुढं ते मजबूत करावं लागलं, पण फुटलं नव्हतं.

त्या दिवशी वसाहतीनं अफवा सोडून वडिलांवर विश्वास ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं म्हणून नव्हे. आपल्याला काय माहीत नाही, तेही त्यांनी सांगितलं म्हणून.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास चाळताना हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत भेटते. गंमत म्हणजे त्यातली बरीच माणसं आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. पहिलं नाव अर्थात बाळशास्त्री जांभेकर, पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. पान उघडलं की एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. लोकांना काय सांगितलं ते राज्यकर्त्यांना वाचता यावं आणि राज्यकर्त्यांना काय सांगितलं ते लोकांना. एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरं सांगायला जागाच ठेवली नव्हती. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं, पण मराठी वाचकाला वर्तमानपत्र नावाच्या नव्या वस्तूची ओळख या उघड्या व्यवहारातून झाली.

पुढं १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी 'प्रभाकर' काढलं. १८४८ पासून त्यात 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते, खरं नाव घालणं कठीण होतं. मग त्या टोपणनावावर विश्वास ठेवायचा कसा? कारण मागं संपादक आपल्या नावानिशी उभा होता. लिहिणाऱ्याला नाव झाकावं लागलं, तर कुणीतरी आपलं नाव पुढं करून जबाबदारी घ्यावी लागते. माझ्या फोनवरच्या निरोपात नेमकी हीच गोष्ट नव्हती. लिहिणारा झाकलेला, पाठवणारा झाकलेला. उघडा होतो तो मी एकटा, आणि मी काहीच तपासलं नव्हतं.

आता येतो १८८२ च्या प्रकरणाकडं. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला. त्याचे संपादक आगरकर, तर 'मराठा' या इंग्रजी पत्राचे संपादक टिळक. वर्ष पुरं होतंय तोवर कोल्हापूरचं प्रकरण उभं राहिलं. तिथले अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतोय आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं दोन्ही पत्रांनी लिहिलं. आधार होता तो बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रं बनावट ठरली.

टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण फिर्याद मागं घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. खटल्याच्या काळात दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेट उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून. फुल्यांचं आणि या मंडळींचं विचारांनी जमत नव्हतं, तरीही. दोघे सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं मोठं स्वागत केलं. 'केसरी'चा लौकिक घटला नाही, वाढला.

मी शाळेत हा धडा कित्येक वर्षं शिकवला. तुरुंगवास शिकवला, मिरवणूक शिकवली. बनावट पत्रांवर मात्र अर्ध्या मिनिटात पुढं जात असे. त्या पहाटेनंतर मी तो धडा पुन्हा वाचला आणि माझ्या लक्षात आलं, की धड्याचा गाभा तिथंच होता. दोघांचा हेतू खरा होता. ते अल्पवयीन छत्रपती पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला वारले; म्हणजे काळजी अगदीच अनाठायी नव्हती. तरी पुरावा खोटा होता. खऱ्या हेतूनं खोटा पुरावा खरा होत नाही. माझ्या निरोपाचंही तेच झालं होतं.

फरक पडला तो पुढं. त्यांनी चूक झाकली नाही, कुणा बातमीदाराच्या डोक्यावर ढकलली नाही आणि शिक्षा स्वतः भोगली. पुढं आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तकही लिहिलं. वाचकानं पाहिलं, की इथं छापलेल्या शब्दामागं माणसं आहेत आणि शब्द चुकला तर ती पळून जात नाहीत. अर्थात एक धोकाही यात आहे. लोक हार घालतात ते तुरुंगवासाला, आणि चूक विसरून जातात. आजही एखाद्या पत्रकारावर खटला भरला गेला की तो आपोआप खरा ठरतो असं आपण समजतो. तसं नसतं. सोसणं आणि खरं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लागतात.

आगरकरांची पुढची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. 'केसरी' चांगला चालू लागला होता, पण समाजसुधारणेवरची त्यांची मतं सहकाऱ्यांना आणि बऱ्याच वाचकांना रुचत नव्हती. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं. इंग्रजी मजकुरासाठी जोडीला होते आपले कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. वाचक दुखावले. लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सरकारपासून स्वतंत्र असणं कठीण, हे आपण मानतो. पण स्वतःच्या वर्गणीदारापासून स्वतंत्र असणं त्याहून कठीण. वाचकाला आवडेल तेच देत राहिलं तर वाचक वाढतात, विश्वास वाढतो असं नाही. ज्यानं आपल्याला न आवडणारं खरं एकदा तोंडावर सांगितलं, त्याचंच म्हणणं अडचणीच्या वेळी आपण कान देऊन ऐकतो.

आणि वाचक म्हणजे तरी कोण? हा प्रश्न विचारला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्याचे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला, हे बाबासाहेबांनीच पुढं सांगितलं आहे. ज्या पत्रानं तुरुंग सोसून लोकांचा विश्वास मिळवला, त्याच पत्राच्या पानात लाखो लोकांना पैसे मोजूनही चार ओळींची जागा नव्हती. म्हणजे विश्वासालाही वेशी असतात. पत्र आपल्या वेशीच्या आतल्यांचं प्रामाणिक असू शकतं आणि बाहेरच्यांना आंधळं.

३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. मदतीला माणसं नाहीत, म्हणून बहुतेक रकाने ते स्वतः लिहीत. वर्गणीदार कमी, त्यांच्यातले बरेच हातावर पोट असलेले. पैशाची अडचण त्यांनी वाचकांपासून लपवली नाही. पत्र कसं चालतं आणि का अडतं, हे त्यांच्यापुढं मांडून मदत मागितली. तरी नोव्हेंबर १९२९ मध्ये ते बंद पडलं. पत्रावर जीव टाकणारा वाचक होता, पण त्याच्या खिशात पैसा नव्हता. स्वतंत्र पत्राची ही जुनी दुखरी नस आहे. भरवसा ठेवणारे एकीकडं असतात आणि पैसे देऊ शकणारे दुसरीकडं.

आता आजच्या काळात येऊ. इंटरनेटवर स्वतंत्रपणे बातम्या देणारे जे लोक टिकले, त्यांच्याकडं पाहिलं की हीच जुनी माणसं नव्या कपड्यांत दिसतात. डिसेंबर २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', म्हणजे 'पारी', सुरू केलं. खेड्यातल्या माणसांच्या कामाची, कर्जाची, गाण्यांची नोंद तिथं होते. जाहिरात नाही, वाचायला पैसे नाहीत, काम चालतं ते देणग्यांवर आणि अनेकांच्या श्रमदानावर. गोष्ट कुणी लिहिली, छायाचित्र कुणाचं, अनुवाद कुणी केला, हे नावानिशी असतं. मराठीसह अनेक भाषांत ती वाचता येते, म्हणजे ज्याच्याविषयी लिहिलं तो ती वाचून 'हे असं नाही' म्हणू शकतो. 'दर्पण'चे दोन रकाने आठवतात की नाही?

बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या संस्थांनी तर २०१६ मध्ये जगभरासाठी एक आचारसंहिता ठरवली. कुणाची बाजू घ्यायची नाही. माहितीचा उगम सांगायचा. पैसा कुठून येतो ते सांगायचं. तपासणी कशी केली ते सांगायचं. चूक झाली तर उघडपणे दुरुस्त करायची. मी ती वाचली आणि मला हसू आलं. नवीन काय आहे यात? वडिलांनी १९६७ मध्ये पोफळीच्या अंगणात उभं राहून यातलं निम्मं केलं होतं.

पण काही जणांना वाटतं, की इतकी कटकट कशाला, खरं-खोटं सरकारनंच ठरवावं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये इंटरनेटवरच्या वृत्तमाध्यमांसाठी नियम केले. त्यांविरुद्ध 'द लीफ्लेट' हे संकेतस्थळ आणि मराठी पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांतल्या काही तरतुदींना स्थगिती दिली. पुढं २०२३ मध्ये सरकारी कारभाराविषयीच्या मजकुरातलं खोटं काय, हे सरकारचाच तपासणी विभाग ठरवेल असा बदल नियमांत झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. खोट्या निरोपानं काय होतं ते मी भोगलेलं आहे, तरी मला हा निकाल योग्य वाटतो. तिवऱ्याची गळती ज्यांनी ऐकली नाही, त्यांच्याच हाती 'गळतीची बातमी खोटी' असा शिक्का कसा द्यायचा?

मग पुन्हा भार येतो तो बातमी देणाऱ्यावर आणि तुमच्या-माझ्यावर. हा भार किती जड असतो, तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी एका मोटारीनं त्यांच्या दुचाकीला धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली आणि खुनाचा गुन्हा नोंदवला. कुठल्याही मोठ्या शहरात नाव नसलेला हा माणूस. पण त्याची बातमी सहज पुसून टाकण्यासारखी नव्हती, कारण ती नावानिशी होती.

श्रोतेहो, एवढं सगळं वाचून माझ्या पदरात जे पडलं ते साधं आहे. कधीच न चुकणारा बातमीदार या पृथ्वीवर नाही. विश्वास मिळतो तो चुकल्यानंतरच्या वागण्यावरून. आणि तो महापुराच्या दिवशी मिळवता येत नाही. आधी, साध्या कोरड्या दिवसांत, थोडा थोडा साठवावा लागतो, धरणात पाणी साठवतात तसा. माझ्याकडं तो साठलेला होता आणि मी तो एका बोटानं सोडून दिला.

पूर ओसरल्यावर मी त्याच गटावर लिहिलं, 'कोळकेवाडी फुटल्याचा निरोप मी न तपासता पाठवला. तो खोटा होता. चूक माझी.' खाली पूर्ण नाव लिहिलं. दोघा-तिघांनी कळवलं, सर, जाऊ द्या. त्या मुलानं मात्र काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचाच फोन आला. "सर, पाणी सोडलंय म्हणतात, खरं का हो?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. वीजघराकडं विचारतो आणि सांगतो." तो म्हणाला, "विचारा. मी जागा आहे." अर्ध्या तासानं मी त्याला कळवलं, कुणाला विचारलं तेही सांगितलं.